पाण्यात राहिलेलं पेन

सिस्टरना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी इमारतीतली लहानथोर मंडळी त्यांना सिस्टरच म्हणत. सगळी नोकरी त्यांनी नवजात बाळांच्या कक्षात काढली. वेळेआधी जन्माला आलेली, तळहातावर मावतील एवढाली पोरं त्यांच्या हातांनी न्हाली, प्यायली, बाळसं धरून घरी गेली. त्यांच्या यजमानांना सगळे नकाशेकाका म्हणत. हे काही आडनाव नव्हतं. ते जमीनमोजणीच्या कचेरीत नकाशे काढत. केसाएवढी बारीक रेघ, तीही एका दमात, हा त्यांचा हातखंडा. "नदी काढताना श्वास सोडायचा नाही, नाहीतर पूर येतो," असं ते नव्या लोकांना सांगत आणि स्वतःच हसत.

नकाशेकाकांना वेड एकच, जुन्या जपानी पेनांचं. ते लागलं त्यांच्या थोरल्या भावामुळे. दादा जहाजावर इंजिनियर होता. कुठल्याशा बंदरातल्या जुन्यापान्या वस्तूंच्या दुकानातून त्यानं एक जाडजूड काळं पेन आणलं आणि "घे, तुझ्यासारखंच आहे. बोलत नाही, पण नाक वर," असं म्हणत धाकट्याच्या हातात ठेवलं. काळ्या कडक रबराची नळी, तिच्यावर झाडाच्या चिकाच्या लाखेचे कितीतरी थर, आणि त्यावर सोनेरी भुकटीनं काढलेलं वाऱ्यानं वाकलेलं गवत. नकाशेकाकांनी ते पेन उजेडात फिरवून पाहिलं, आणि गडी त्या दिवशी जो गेला तो गेलाच. पुढे त्यांनी आणखी पेनं मिळवली, पोटाला चिमटा काढून मिळवली, पण दादाचं पेन ते दादाचं पेन. दादा गेल्यावर तर त्यांनी त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं.

दर महिन्याला एका रविवारी पेनं धुण्याचा कार्यक्रम असे. टेबलावर पांढरं फडकं, शेजारी पाण्याच्या वाट्या, मऊ कापडाचे तुकडे. त्या वेळी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, टेबलाला धक्का लावायचा नाही, पंखा लावायचा नाही. पाहुणा आला तर त्याची धडगत नसे. त्याला समोर बसवून काका समजावून सांगायचे, की आख्खं पेन पाण्यात कधीही बुडवायचं नाही. बुडवायचं ते फक्त निब आणि निबखालची काळी पट्टी, जिला ते जीभ म्हणत. गरम पाणी लाखेचं वैरी आहे आणि ऊन त्याच्याहून मोठं वैरी. जावई नवा नवा घरात आला तेव्हा भिडेखातर इतका वेळ ऐकत बसला, की त्याच्या चहावर साय धरली. त्यानंतर तो रविवारी यायचंच टाळू लागला.

सिस्टरनी मात्र त्या पेनांना कधी हात लावला नव्हता. कपाटाची काच पुसायची त्यांना मुभा होती, काचेच्या आतलं सगळं नवऱ्याचं. त्यांना त्याचं काही वाटत नसे. निदान वाटत नाही असं त्या धरून चालत.

मग नकाशेकाका बसमधून उतरताना पडले. बस पुरती थांबलेली, रस्ता कोरडा, कुणी ढकललंसुद्धा नाही. नुसता पाय चुकला. पडताना माणूस हात पुढे करतो तसा त्यांनी केला, तो नेमका उजवा. मनगट मोडलं. प्लास्टर चढलं, यथावकाश निघालं, आणि आतून जो हात बाहेर आला तो बघून ते म्हणाले, "हा माझा नाही. कुणाचा तरी चुकून बसवलाय." बोटं सुजून तकतकीत झाली होती. मूठ वळत नव्हती. चमचा धरला तर चमचा आपला आपण खाली यायचा.

इस्पितळातली फिजिओ उंच, हसरी, घाईतली मुलगी होती. तिनं व्यायाम शिकवले आणि एक पिवळा मऊ चेंडू दिला. "काका, हा दिवसभर दाबत राहायचा. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळा, म्हणजे जाड होईल. जाड वस्तू आधी धरता येतात, बारीक नंतर."

"आणि रेघ?" काकांनी विचारलं.

"कसली रेघ?"

"काही नाही," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी चेंडू खणात टाकला. "मी काय पाळण्यातलं पोर आहे, खुळखुळा हातात द्यायला?" सिस्टरनी तो बाहेर काढून त्यांच्या खुर्चीच्या हाताशी ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खणात. असं काही दिवस चाललं.

पेनांचा रविवार आला आणि गेला. पुढचाही गेला. सिस्टरनी एकदा सहज विचारल्यासारखं केलं, "अहो, त्या पेनांत शाई आहे ना? वाळत असेल."

"वाळून दगड झाली असेल आतापर्यंत."

"मग मी धुऊ का? तुम्ही सांगा, मी करते."

त्यांनी बायकोकडे असं पाहिलं, की जणू तिनं घर विकायची गोष्ट काढली होती. "तू? छे. ते तुझं काम नाही."

सिस्टर ओट्यापाशी गेल्या आणि घासलेलं पातेलं पुन्हा एकदा घासलं.

आठवड्यातून एखाददुसऱ्या सकाळी सिस्टर अजूनही इस्पितळात जात. पगार वगैरे काही नाही. नव्या आयांना बाळ कसं धरायचं, कसं पुसायचं ते शिकवायला. एरवी त्या निघताना काका "छत्री घे", "किल्ली घे" असं काहीतरी मागून ओरडत. त्या दिवशी ते नुसते खुर्चीत बसून होते आणि कपाटाकडे बघत होते. सिस्टरना जावंसं वाटेना. पण एक जुळ्यांची आई फार घाबरलेली होती, तिला शब्द दिला होता. त्या गेल्या.

दुपारी परत आल्या तेव्हा घर चिडीचूप होतं. काका खुर्चीत झोपले होते. दुखण्याच्या गोळ्यांनी हल्ली त्यांचा असा डोळा लागायचा, मान एका बाजूला, तोंड उघडं. सिस्टर पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीपाशी थबकल्या. खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात, फुलांची उंच काचेची बरणी उभी होती. तिच्यात निळंकाळं पाणी होतं. शेजारी किटली. बरणीच्या तळाशी काहीतरी लांबट, काळं.

आधी त्यांना काही उमगेना. जवळ जाऊन पाहिलं. दादाचं पेन. टोपण तेवढं बाजूला काढून ठेवलेलं, बाकी सगळंच्या सगळं पाण्यात.

"अहो," त्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं, "अहो! हे पाण्यात काय ठेवलंय तुम्ही?"

काका दचकून जागे झाले. क्षणभर त्यांना काळवेळ कळेना. मग चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो सिस्टरनी बघितला. ते धडपडत उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि तिथेच चौकट धरून उभे राहिले.

"थोडाच वेळ ठेवणार होतो," ते म्हणाले. "ती मुलगी म्हणाली ना, जाड वस्तू आधी धरता येतात. म्हटलं, ह्याच्याहून जाड पेन घरात नाही. पण धुवायला उघडावं, तर निबकडचा पुढचा भाग फिरेना. बोटांत जोरच नाही. म्हटलं, गरम पाण्यात जरा सैल होईल. जरासाच टेकलो खुर्चीत."

सिस्टरना वाटलं, आता ओरडतील, कपाळावर हात मारून घेतील. पण ते अगदी हळू, एकसुरी बोलत होते. इस्पितळात असा आवाज त्यांनी पुष्कळदा ऐकला होता, आणि त्या आवाजाला त्या रडण्याहून जास्त भीत. त्यांनी किटली बाजूला सरकवली आणि बरणीत हात घालायला बाही वर केली.

"हात लावू नकोस!"

सवयीनंच निघालं ते त्यांच्या तोंडून. इतक्या वर्षांची सवय. सिस्टरचा हात बरणीच्या तोंडाशी थांबला. त्या वळल्या.

"लोकांनी पोटची पोरं दिली माझ्या हातात," त्या म्हणाल्या. "अजून डोळे न उघडलेली. नाव-गाव न विचारता दिली. आणि तुम्ही एक पेन दिलं नाहीत."

त्या चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं, असं काकांना वाटलं असावं. ते चौकटीला टेकले. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता, एखादं दुसऱ्याचं सामान सांभाळावं तसा.

"काढ," ते म्हणाले. "पाणी आधी ओत. मग काढ. सावकाश."

सिस्टरनी बरणी तिरकी करून पाणी सोडलं आणि पेन तळहातावर घेतलं. गवताची सोनेरी पाती एका बाजूला तशीच होती, पण उन्हाकडची बाजू पार बदलली होती. आरशासारख्या काळ्या लाखेवर धुकट, तपकिरी ढग आला होता. नळीच्या तोंडाशी, आटे सुरू होतात तिथं, एक बारीकसा फोड उठला होता आणि दोन पात्यांची टोकं सुटली होती. ओलं, कोमट आणि अगदी हलकं. एवढ्या मोठ्या पेनाचं वजन इतकं कमी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"घासू नकोस," काका म्हणाले.

"ओलं अंग घासतात का कधी? टिपतात." त्यांनी जुन्या मलमलीचा तुकडा काढला आणि टिपत गेल्या, वरून खाली, फोड आला होता ती जागा शेवटी. काका बघत होते. एवढ्या वर्षांत बायकोचे हात काम करताना त्यांनी असे जवळून बघितले नव्हते. इस्पितळात आत जायला बंदी असे, आणि घरी भांडीकुंडी करताना कोण कुणाचे हात बघतो?

"केस वाळवायचं यंत्र आणू का?"

"नको! गरम वारा नको. सावलीत ठेव, आपलं आपण वाळू दे. पण आधी उघडायला हवं, आत पाणी राहिलं तर आतल्या रबराचाही रंग उतरेल."

पुढचा भाग घट्ट बसला होता. सिस्टरनी क्षणभर विचार केला, मग त्यांच्या पिशवीतले रबरी हातमोजे चढवले. रबरानं पकड आली. "जोर लावू नकोस," काका म्हणाले, "नुसता धरून ठेव. वाट बघ. मग थोडा." त्यांनी थोडा लावला. काही नाही. आणखी थोडा वेळ धरून ठेवला. आणि आटा असा हलला, की तो हलल्याचं हाताला आधी कळलं, डोळ्यांना नंतर. आतून काळा, चिखलासारखा गाळ बाहेर आला.

"आलं!" सिस्टर ओरडल्या. मग स्वतःलाच हसू आलं, कारण कक्षात एखादं बाळ पहिल्यांदा रडलं की त्या अशाच ओरडत.

काका हसले नाहीत. पण ते चौकट सोडून आत आले आणि टेबलाशी बसले.

त्या दुपारी पेन धुण्याची पहिली शिकवणी झाली, आणि तिच्यात दोघांचे बरेच तंटेबखेडे झाले. सिस्टरनी वाटीत पाणी घेतलं आणि सवयीनं त्यात कोपर बुडवून पाहिलं. "छान कोमट आहे."

"बाळाचं कोमट वेगळं, ह्याचं वेगळं. कोपराला काही कळताच कामा नये. ना गार, ना गरम."

त्यांनी ते ओतून दुसरं घेतलं. मग म्हणाल्या, "थोडं स्पिरिट टाकलं तर शाई झटक्यात जाईल."

काकांनी टेबल धरलं. "स्पिरिटचं नाव काढू नकोस ह्या घरात! भांड्यांचा साबण घे, एक थेंब. वाटीभर पाण्यात एक थेंब. दोन पडले तर पाणी बदल."

दोन पडले. पाणी बदलावं लागलं. सिस्टर पुटपुटल्या, "पोरं परवडली."

पुढच्या भागावरही लाख होती, ती भिजू द्यायची नव्हती. पण निब आणि जीभ तर भिजायला हवी. काका प्लास्टरच्या आधी तो भाग तासन्‌तास बोटांत धरून बसत. सिस्टरनी औषध मोजायचा छोटा पारदर्शक कप आणला, पुठ्ठ्याच्या तुकड्याला मधोमध गोल भोक पाडलं आणि तो कपावर झाकणासारखा ठेवला. भोकातून निब खाली पाण्यात, लाखेचा भाग वर कोरडा. कपाच्या तळाशी त्यांनी टिपकागदाची घडी घातली, निबचं टोक आपटू नये म्हणून. काका वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? नाळ पडेपर्यंत बाळाला असंच न्हाऊ घालतात. हवं तेवढंच ओलं करायचं."

निबच्या फटीतून निळी शाई धाग्यासारखी खाली उतरू लागली. दोघं नुसते बघत बसले. 

मग काका म्हणाले, "ह्याची लाख गेली त्याचं वाईट वाटतंच. पण मला कळत होतं गं. पाणी ओतताना पूर्ण कळत होतं, की हे करू नये. आयुष्यभर लोकांना तेच सांगत आलो. तरी ओतलं. का माहीत आहे? म्हटलं, रेघ जर आता येणारच नसेल, तर पेनाला तरी कशाला जपायचं? राग आला होता. पेनाचा नाही."

"मग कुणाचा?"

"हाताचा. बसचा. तुझा पण."

"माझा?"

"तुला दोन्ही हात आहेत," ते म्हणाले, आणि लगेच ओशाळले.

सिस्टरनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसांशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं, पण नवऱ्याशी तसं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. "माझे गुडघे घ्या बदल्यात," त्या म्हणाल्या. "आज देते, उद्या परत करू नका." तेव्हा कुठे ते हसले.

शाईचा दगड एका बैठकीत विरघळणारा नव्हता. रोज सकाळी पाणी बदलायचं, पुन्हा भिजत ठेवायचं. दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, की आता आतून पाणी जोरानं सोडायला हवं, त्यासाठी त्यांच्याकडे एक पिचकारी होती, पण तिचा दट्ट्या दोन बोटांनी ओढावा लागतो. सिस्टर उठल्या आणि पिशवीतून एक रबरी फुगा घेऊन आल्या. बाळांचं चोंदलेलं नाक साफ करायचा असतो तो, पुढे चोच असलेला.

"हा घ्या. नवा आहे, कुणाच्या नाकात गेलेला नाही."

"तूच दाब."

"मी पेन धरलंय, दिसत नाही का? मला काय तीन हात आहेत?"

त्या खरंच दोन्ही हातांनी पुढचा भाग धरून बसल्या होत्या. एका हातात धरता आला असता का? आला असता. काकांनाही ते दिसत असणार. त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा फुग्याकडे, आणि फुगा उजव्या हातात घेतला. बोटं त्याच्याभोवती वळेनात. अंगठ्यानं आणि तळव्यानं कसाबसा रेटला. फुग्याला जेमतेम खळी पडली. चोचीतून थोडंसं पाणी आत गेलं आणि निबच्या टोकाशी निळा थेंब आला. तो तिथेच लोंबकळत राहिला, मग टिपकागदावर पडून पसरला.

"एक थेंब," काका म्हणाले. कपाळावर घाम आला होता.

"एक तर एक. वाट तरी मोकळी झाली ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाबल्यावर दोन-चार थेंब आले. नंतर कधीतरी बारीक धार आली. मध्ये एक दिवस असा गेला, की बोटं दगडासारखी झाली आणि एक थेंबही निघेना. काकांनी फुगा भिरकावला, तो फडताळाखाली गेला, आणि सिस्टर त्यांच्या त्या गुडघ्यांनी वाकून काढायला गेल्या नाहीत. "मी नाही काढणार," त्या म्हणाल्या आणि वर्तमानपत्र उघडून बसल्या. बऱ्याच वेळानं काका जमिनीवर बसले, पालथे झाले, केरसुणीनं फुगा ओढून बाहेर काढला आणि धुऊन आणला. उठताना त्यांनी उजवा तळवा जमिनीवर टेकला होता. तो टेकला गेला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. सिस्टरच्या आलं. त्या वर्तमानपत्राआडून बघत होत्या.

दादाच्या पेनातून एके सकाळी स्वच्छ पाणी आलं. सिस्टरनी निब खाली करून ते टिपकागदाच्या घडीवर उभं ठेवलं. कागद ओल ओढून घेतो, हे त्या आता न सांगता करत. मग बाकीची पेनं बाहेर आली. एकावर मासे होते, एक नुसतंच लालभडक, एकावर इतकी बारीक नक्षी की तिच्यासाठी चष्मा बदलावा लागे. काका सांगत, सिस्टर धरत, काका फुगा दाबत. नळ्यांना आतून पाणी घालायचं ते ड्रॉपरनं, बाहेर थेंब ओघळू न देता. बाहेरून फक्त किंचित दमट कापड, आणि लगेच कोरडं. सिस्टर काही वेळा चुकल्या. लाल पेनाचं टोपण त्यांच्या हातून वाटीतच पडलं, तेव्हा काकांनी डोळे मिटून घेतले आणि ओठ आवळले. सिस्टरनी ते झटकन काढून टिपलं. त्याला काहीही झालं नाही. "बोला काय बोलायचं ते," सिस्टर म्हणाल्या. "काही नाही," काका म्हणाले, "चांगलं टिपलंस." एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून दिसत होतं.

लेकीनं फोनवर ही हकीकत ऐकली तेव्हा तिचा विश्वासच बसेना. "आई, बाबांनी तुला हात लावू दिला? बरे आहेत ना ते?" तिनंच दादाकाकांच्या पेनाचे फोटो लाखेची कामं करणाऱ्या एका कारागिराला पाठवले. त्याचं उत्तर आलं: सावलीत नीट वाळू द्या, चकाकी आणायच्या भानगडीत पडू नका, फोड आपोआप बसणार नाही, पण वाढणारही नाही. सगळं खरवडून नव्यानं लाख चढवता येईल, मात्र गवत जाईल.

काकांनी ते दिवसभरात दोनतीनदा वाचलं. संध्याकाळी म्हणाले, "राहू दे असंच. गवत दादानं पसंत केलं होतं."

"आणि ढग?"

"ढग माझा."

पुढच्या तपासणीला फिजिओनं त्यांचा पंजा यंत्रात दाबायला लावला आणि आकडा बघून भुवया उंचावल्या. "काका, चेंडूनं एवढं कुणाचं सुधारत नाही. काय करत होतात?"

"नाक साफ करत होतो," काका गंभीरपणे म्हणाले. मुलीनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरनी सगळं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की शेजारच्या पडद्यामागचा रुग्ण डोकावून गेला. मग तिनं पुन्हा हात हातात घेतला, एकेक बोट वाकवून पाहिलं, आणि तिचा आवाज जरा खाली आला. मूठ आणखी सुधारेल, ती म्हणाली. लिहिता येईल, किल्ली फिरवता येईल, गुंड्या लावता येतील. पण अगदी बारीक काम, पूर्वीसारखं, बहुतेक नाही.

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "काल बघितलं करून. नदी काढली एक."

"कशी आली?"

"पूर आला."

मुलीला काही कळलं नाही. सिस्टरना कळलं. त्यांनी काकांचा कोट धरला, काकांनी एक बाही स्वतः चढवली, दुसरी बायकोला चढवू दिली.

इस्पितळातून दोघं चालत निघाले. कोपऱ्यावर वह्या-शाईचं जुनं दुकान होतं, तिथं काका थांबले. दादाचं पेन कोटाच्या आतल्या खिशात होतं, कोरडं, रिकामं. त्यांनी काल तेच शाईत नुसतं बुडवून नदी काढली होती. तेवढं जाड होतं म्हणूनच बोटांत टिकलं. आता ते नीट भरायचं होतं. दुकानदारानं त्यांना बघताच नेहमीची काळी बाटली फळीवरून उतरवली.

"थांबा," काका म्हणाले. "ह्यांना विचारा. पेन दोघांत आहे आता."

सिस्टर गोंधळल्या. पेनाची शाई निवडायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. इस्पितळात जे मिळेल त्या पेनानं त्या तापमानाच्या नोंदी करत. त्यांनी फळीवर नजर फिरवली, एकदा, पुन्हा एकदा, मग एका बाटलीवर बोट ठेवलं. पिकलेल्या डाळिंबासारखा गडद लाल रंग होता तो.

काकांनी मोठा श्वास घेतला. लाल शाई निबला धरून बसते, जिभेत खोल शिरते, निघता निघत नाही, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. "धुवायला त्रास देतो गं हा रंग," ते कसेबसे एवढंच म्हणाले.

"देऊ दे," सिस्टर म्हणाल्या आणि बाटली त्यांच्या उजव्या हातात ठेवली. "आहोत ना आपण दोघं धुवायला."